मिंधा पंतप्रधान

१७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टची कलमं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून दिली. तो कायदा आणणारा माणूस कोण, असं एकाही मुलानं विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तो प्रश्न पडला नाही. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या कारणांत मात्र 'लॉर्ड नॉर्थचं आडमुठं धोरण' असं लिहिलं की मी डोळे मिटून एक गुण देत असे. दोन्हीकडचा माणूस एकच, हे निवृत्तीनंतर सवडीनं वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं.

फ्रेडरिक नॉर्थचा जन्म १७३२ चा. वडील राजपुत्राच्या पदरी होते, त्यामुळे लहानपणी त्यानं आणि भावी राजा तिसऱ्या जॉर्जनं एका नाटकात एकत्र कामही केलं होतं. पुढे वडील अर्ल झाले, पण मुलाची 'लॉर्ड' ही उपाधी नावापुरतीच. वडील असेपर्यंत उमरावांच्या सभागृहात त्याला जागा नव्हती, म्हणून तो बॅनबरीहून कॉमन्समध्ये निवडून यायचा. (मतदार म्हणाल तर जेमतेम दीड डझन!) आणि वडील जगले १७९० पर्यंत. घराणं श्रीमंत, पण थैलीची दोरी म्हाताऱ्याच्या हातात. मुलगा देशाचा अर्थमंत्री, १७७० पासून पंतप्रधानही, आणि घरी कर्ज.

माणूस लठ्ठ, विनोदी, कुणाशी वैर न धरणारा. विरोधक भाषणात त्याच्यावर तुटून पडायचे आणि हा बाकावर डोळे मिटून बसायचा. "पंतप्रधान झोपलेत!" असं एकजण ओरडला, तेव्हा "खरंच झोप लागली असती तर किती बरं झालं असतं," असं तो म्हणाल्याचं सांगतात.

१७७३ साली ईस्ट इंडिया कंपनीचं दिवाळं निघायची वेळ आली. नॉर्थनं तिला चौदा लाख पौंडांचं कर्ज दिलं आणि रेग्युलेटिंग ॲक्टनं लगामही घातला. या कायद्यामुळेच मुंबईकर इंग्रजांना कलकत्त्याची परवानगी लागू लागली. म्हणून तर राघोबादादांशी १७७५ मध्ये केलेला सुरतेचा तह कलकत्त्यानं नामंजूर केला आणि १७७६ मध्ये पुरंदरचा नवा तह झाला. कंपनीच्या वखारीत पडून राहिलेला चहा अमेरिकेत स्वस्तात खपवायची सोयही त्याच वर्षी झाली, पण पौंडामागे तीन पेन्सांचा कर तेवढा ठेवला. डिसेंबरात बॉस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या पाण्यात गेल्या.

खरी गोष्ट पुढे आहे. १७७७ मध्ये साराटोगाला इंग्रजी फौज शरण आली. त्यानंतर नॉर्थ राजाला पुन्हा पुन्हा लिहीत राहिला, की हे काम माझ्या आवाक्याबाहेरचं आहे, मला मोकळं करा. राजा सोडेना. कारण त्याच वर्षी, वीस हजार पौंडांपर्यंत लागतील तेवढे देतो असं पत्र पाठवून राजानं त्याचं कर्ज फेडलं होतं. उपकारकर्त्याला पाठ कशी दाखवायची? घरातसुद्धा कुणी आपल्याला 'पंतप्रधान' म्हणू नये असं त्याला वाटे म्हणतात. तरी खुर्ची सुटली नाही.

इथवर मला त्याची कीव येते. पण साराटोगा ते यॉर्कटाउन ही चार वर्षं काही कागदावरची नव्हेत, त्यांत दोन्हीकडची माणसं मरत होती. आपल्याला झेपत नाही हे स्वतः लिहून देणाऱ्या माणसानं मिंधेपणापायी युद्ध चालू ठेवावं? आता पेपर तपासायचा असता तर 'आडमुठं' या शब्दाला मी गुण दिला नसता. आडमुठा राजा होता. याला 'नाही' म्हणता येत नव्हतं, एवढंच.

अखेर २० मार्च १७८२ ला राजीनामा झाला. रात्री बर्फ पडत होतं. सभा लांबणार म्हणून इतरांनी आपल्या बग्ग्या घरी पाठवल्या होत्या; नॉर्थची तेवढी दाराशी उभी. "आतली बातमी असण्याचा फायदा पाहा," असं कुडकुडणाऱ्या विरोधकांना हसत म्हणून तो निघून गेला.

पुढच्या वर्षी फॉक्सशी, म्हणजे आपल्या सर्वांत कडव्या टीकाकाराशी, हातमिळवणी करून तो काही महिने पुन्हा मंत्री झाला. ते प्रकरण कुणालाच रुचलं नाही. असो.

नंतर त्याची दृष्टी गेली. कॉमन्समध्ये वर्षानुवर्षं त्याच्यावर आग पाखडणारा कर्नल बारे हाही अंध झाला होता. दोघांची गाठ पडली तेव्हा नॉर्थ म्हणाला म्हणे, "कर्नलसाहेब, आपण कितीही भांडलो असू, पण एकमेकांना पाहून आपल्याइतका आनंद झाला असता अशी दुसरी दोन माणसं इंग्लंडात नाहीत."