अंगण हीच शाळा

दसरा-दिवाळी आटोपली की खर्डा परिसरातील ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यातील हे गाव बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेलगत, कमी पावसाच्या पट्ट्यात वसलेले आहे. इतिहासाच्या पुस्तकांत खर्डा येतो तो मार्च १७९५ मध्ये मराठे आणि निजाम यांच्यात झालेल्या लढाईमुळे. या भागाचे आजचे वास्तव मात्र स्थलांतराशी बांधलेले आहे. नवरा-बायकोच्या जोडीला येथे 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेला कोयता गळीत हंगाम संपेपर्यंत सहसा गावी परतत नाही.

शाळेत जाणाऱ्या मुलांना आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात ठेवून जाण्याचा मार्ग निदान असतो. सहा वर्षांखालील मुलांना तो नाही. ती आईबरोबर फडावर जातात. त्यांचे नाव गावच्या अंगणवाडीच्या पटावर असते आणि मूल मात्र शेकडो किलोमीटर दूर एखाद्या कोपीसमोरच्या मोकळ्या जागेत खेळत असते. जे मूल शाळेपर्यंत येऊ शकत नाही, त्याची शाळा भरवायची कोठे? हा प्रश्न नवा नाही. महाराष्ट्रात त्याचे उत्तर सुमारे ८० वर्षांपूर्वी शोधले गेले, आणि त्या उत्तराचे नाव आजही आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. ते म्हणजे 'अंगणवाडी'.

बोर्डीचा प्रयोग

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी बालशिक्षणाचे पहिले धडे गुजरातेतील भावनगर येथे गिरवले. तेथील दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. पेशाने वकील असलेले गिजुभाई मारिया मॉन्टेसरी यांच्या विचारांनी प्रभावित होऊन शिक्षणाकडे वळले होते. या दोघांच्या पुढाकारातून १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे ताराबाई मुंबईत आल्या आणि १९३६ मध्ये दादर येथे त्यांनी शिशुविहार सुरू केले.

शहरातील सुस्थित घरांतील मुलांसाठी ही पद्धत उत्तम चालत होती. ती गरीब आणि खेड्यातल्या मुलांपर्यंत पोहोचेल काय, हा प्रश्न ताराबाईंना अस्वस्थ करीत होता. त्यातूनच १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. पुण्यात शिक्षिका म्हणून काम केलेल्या अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या परिसरात स्थिरावले. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि पुढे अनुताईंना पद्मश्री हे सन्मान मिळाले.

बोर्डीत दोन प्रकारच्या बालवाड्या आकाराला आल्या. ठरावीक जागी, ठरावीक वेळी भरणारी ती मध्यवर्ती बालवाडी. मात्र अनेक मुले तेथे येतच नसत. कोणाला धाकटे भावंड सांभाळायचे असे, तर कोणाच्या घरी मुलाला सकाळी नेऊन सोडायला माणूसच नसे. मग शिक्षिकाच वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या घरासमोरचे अंगण झाडायचे, मुलांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, आणि तेथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू करायचे, असा हा क्रम होता. अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी.

गुरांच्या मागे शाळा

कोसबादच्या परिसरात अडचण आणखी पुढची होती. आदिवासी मुले कळत्या वयाची झाली की गुरे राखायला जात. दिवसभर माळावर असणारी मुले कोणत्याही अंगणात सापडणे शक्य नव्हते. यातून 'कुरणशाळा' निघाली. मुले जेथे गुरे चारीत, तेथे शिक्षक जात. मोजणीसाठी गुरे, दगड आणि बिया होत्या. रंग आणि आकार ओळखण्यासाठी पाने-फुले होती. लिहिण्यासाठी पायाखालची माती होती. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी 'विकासवाडी' ही कल्पनाही येथलीच. धाकटे भावंड पाळणाघरात राहिले की त्याला सांभाळणारी थोरली बहीण वर्गात बसू शकते, हा त्यामागचा साधा हिशेब होता.

साधनांच्या बाबतीतही असाच व्यवहारी विचार झाला. मॉन्टेसरी पद्धतीची घोटीव लाकडी साधने महाग असत. ताराबाई आणि अनुताईंनी त्यांच्यामागचे तत्त्व कायम ठेवले आणि वस्तू बदलल्या. शंख-शिंपले, चिंचोके, बांबू, माती, करवंट्या यांतून इंद्रियशिक्षणाची साधने तयार झाली. मुलाच्या हाताला ओळखीची असलेली वस्तूच त्याच्या विचाराची पहिली पायरी ठरते, हे त्यांनी ओळखले होते.

म्हणजे कोसबादमध्ये शाळा उघड्यावर भरली ती केवळ हवापालटासाठी नव्हे. मूल जेथे होते, तेथेच त्याच्या जगण्यातले साहित्य उपलब्ध होते, म्हणून ती तेथे भरली. मुलांना बाहेर शिकवण्याच्या आजच्या जागतिक चर्चेत हा मुद्दा अनेकदा निसटतो.

'बालोद्याना'पासून सुरुवात

बालशिक्षणाचा आणि मोकळ्या जागेचा संबंध मुळातलाच आहे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग हे नाव दिले. ते केवळ रूपक नव्हते. प्रत्येक मुलाने जमिनीच्या छोट्या तुकड्यावर स्वतः काही लावावे आणि वाढवावे, अशी त्यांची योजना होती. इंग्लंडमध्ये रेचेल आणि मार्गारेट मॅकमिलन या भगिनींनी १९१४ मध्ये लंडनच्या डेप्टफर्ड या गरीब वस्तीत खुल्या हवेतील बालशाळा सुरू केली. दाटीवाटीच्या घरांत आजारी पडणाऱ्या मुलांना ऊन, हवा आणि बाग मिळावी, हा तिचा उद्देश होता. आपल्याकडे रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनात झाडांखाली वर्ग भरवले. सेवाग्रामला नई तालीमच्या प्रयोगात शांताबाई नारूळकर यांनी पूर्व-बुनियादी शिक्षणाची बाजू सांभाळली.

हिब्रू 'गान' आणि भंगाराचे अंगण

अंगणालाच शिक्षणाचे साहित्य मानणारी आणखी एक ठळक परंपरा ज्यू बालशाळांत आढळते. हिब्रू भाषेत बालवाडीला 'गान' म्हणतात. त्याचा अर्थ बाग असाच आहे. फ्रोबेलचा शब्द हिब्रूत जसाच्या तसा उतरला आणि १८९८ मध्ये रिशोन लेत्सियोन येथे पहिली हिब्रू भाषिक बालवाडी सुरू झाली. त्याआधी १८९० मध्ये झिखरोन याकोव येथील शिक्षक झेएव्ह यावेत्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना झाडे लावण्यासाठी बाहेर नेले होते. तो दिवस 'तू बिश्वात' या वृक्षांच्या सणाचा होता. पुढे ती प्रथाच पडली. आज जगभरातील ज्यू बालशाळांत हा सण रोपे लावून साजरा होतो. सुक्कोतच्या सणात उभारला जाणारा पानाफांद्यांचा मांडव हाही मुलांना घराबाहेर नेणारा पाठच असतो.

या परंपरेतील सर्वांत वेगळा प्रयोग बेत शआन खोऱ्यातील स्दे एलियाहू या किबुत्झमधला आहे. १९३९ मध्ये स्थापन झालेली ही धार्मिक ज्यूंची सामूहिक शेतीवसाहत. तेथील बालशिक्षिका मल्का हास यांनी बालवाडीच्या अंगणात घसरगुंड्या आणि झोपाळ्यांऐवजी भंगार आणून ठेवले. जुनी भांडी, निकामी यंत्रे, टायर, नळ्या, खोकी, फळ्या, शेतीची मोडकी अवजारे असे त्याचे स्वरूप होते. मोठ्यांच्या कामातून बाद झालेल्या या वस्तूंनी मुले स्वतःचे जग उभारतात. आज ट्रॅक्टर झालेली वस्तू उद्या स्वयंपाकघर होते.

हे वाटते तितके स्वैर नाही. धारदार आणि फुटकी वस्तू काढून टाकणे, नवी भर घालणे, मुलांच्या खेळावर लक्ष ठेवणे आणि गरजेपुरतेच बोलणे ही शिक्षिकेची रोजची जबाबदारी असते. शेतकरी वसाहतीतल्या मुलांना आई-वडिलांच्या कामाची वस्तू हाताळू द्यावी, या विचाराचे कोसबादच्या चिंचोक्यांशी असलेले नाते सहज लक्षात येते. दोन्हीकडे मुलाच्या घरचे श्रम शाळेबाहेर ठेवले गेले नाहीत.

महाराष्ट्राला तू बिश्वात अगदीच परका नाही. कोकणात शतकानुशतके राहिलेला आणि मराठी बोलणारा बेने इस्रायली समाज या दिवशी एलियाहू हन्नबी म्हणजे एलिया प्रेषिताचे स्मरण करतो. अलिबागजवळच्या खंडाळा येथील खडकावर प्रेषिताच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत, अशी त्यांची श्रद्धा आहे. तेथे गोड पोहे आणि फळे यांचा 'मलिदा' अर्पण केला जातो. मुंबईत या समाजाने १८७५ मध्ये शाळा सुरू केली. माझगावची सर एली कदूरी शाळा ती हीच.

बाहेर काय शिकता येते?

उघड्यावरचे शिक्षण म्हणजे वर्गातलाच पाठ झाडाखाली म्हणून दाखवणे नव्हे. ओबडधोबड जमिनीवर चालताना मूल तोल सांभाळायला शिकते. दगड, काड्या, बिया वेगवेगळ्या करताना वर्गीकरण आणि मोजणी येते. काडीने मातीत रेघा ओढताना लेखणी धरण्यासाठी बोटांची तयारी होते. मुंग्यांची रांग किंवा सरकत जाणारी सावली पाहताना त्याला प्रश्न पडतात आणि प्रश्नांसाठी शब्द लागतात. भाषा अशी वाढते. वाळूचा एकच ढीग चौघांत वापरायचा असेल तर वाटून घेणेही आपोआप येते.

त्यालाही मर्यादा आहेत. उन्हाळ्यात सकाळी नऊ-साडेनऊनंतर उघड्यावर बसवणे मुलांसाठी धोक्याचे असते. विंचू-साप, जवळचा रस्ता, उघडी विहीर यांचा विचार आधी करावा लागतो. पिण्याचे पाणी आणि शौचाची सोय नसेल तर अंगण कितीही सुंदर असले तरी शाळा टिकत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बाहेरच्या मुलांवर लक्ष ठेवायला खोलीतल्यापेक्षा अधिक माणसे लागतात.

नाव राहिले, अंगण गेले

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व पोषण शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा तिच्यात आल्या. कुपोषणाचा प्रश्न तीव्र असताना आहाराला अग्रक्रम मिळणे स्वाभाविक होते. मात्र आहाराचे वाटप, वजनाच्या नोंदी आणि सर्वेक्षणे यांच्या ओझ्याखाली सहावी सेवा बहुतेक ठिकाणी मागे पडली. इमारत मिळणे ही प्रगती मानली गेली, आणि ती होतीही. परंतु त्या इमारतीसमोरच्या मोकळ्या जागेचे काय करायचे, याचा विचार क्वचितच झाला. शहरांत तर अंगणवाड्या भाड्याच्या एका खोलीत भरतात, तर खासगी नर्सरी वाहनतळाच्या जागेत प्लॅस्टिकची हिरवळ अंथरतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून खेळातून शिक्षणावर भर दिला आहे. कागदावर ही दिशा ताराबाईंच्या जवळची आहे.

कोपीसमोरचे अंगण

खर्डा परिसरातील मुलांचा प्रश्न मात्र इमारतीने सुटणारा नाही, कारण मुलेच सहा महिने तेथे नसतात. महाराष्ट्रात कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालवल्या गेल्या, त्यांचा भर प्रामुख्याने शालेय वयाच्या मुलांवर राहिला. तीन-चार वर्षांचे मूल पहाटे आई-वडिलांबरोबर फडात जाते किंवा थोरल्या बहिणीच्या कडेवर कोपीत राहते. पहिल्या स्थितीत कोयते आणि वाहनांच्या मध्ये त्याचा जीव धोक्यात असतो. दुसऱ्या स्थितीत बहिणीची शाळा सुटते. विकासवाडीने नेमकी हीच गाठ सोडवली होती.

कोप्यांचा तळ हंगामभर एका जागी असतो. तेथे मोकळी जागा असते, उसाचे वाढे, चिपाडे, दगड, माती असते आणि मुले हमखास असतात. नसते ती फक्त शिक्षिका. पाळणाघरासाठी सावलीचा एक मांडव, पाण्याचा पिंप, मुलांची भाषा जाणणारी एक बाई आणि तिच्या मदतीला आणखी एक, एवढ्यावर कोसबादचा प्रयोग येथे पुन्हा उभा राहू शकतो. मात्र त्यासाठी गावच्या पटावरील नाव मुलाबरोबर कारखान्याच्या हद्दीतील अंगणवाडीकडे जायला हवे. आहार आणि लसीकरणाची नोंदही त्याच्यामागे जायला हवी. आणि शिक्षिकेचा पगार कारखान्याने द्यायचा की शासनाने, हा वाद हंगाम सुरू होण्यापूर्वी मिटायला हवा.

कुरणशाळेत शिक्षक गुरांच्या मागे माळावर गेले, तेव्हा शाळेला ना भिंत होती ना घंटा. कारखान्याच्या तळावर तर निदान मुले दिवसभर एका जागी सापडतात. अंगणवाडी या शब्दातले अंगण परत मिळवायचे असेल, तर त्याची सुरुवात तेथूनच व्हायला हवी.