गावकुसाबाहेरची जागा आता कोणाची?

पलूससारख्या वाढत्या गावाबाहेर रस्त्याकडेला एनए प्लॉट पडले, बंगले उठले की लोक म्हणतात, विकास झाला. आम्ही विचारतो, कोणाचा?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतली शहरंही अशीच बाहेर पसरली. मोटारी आल्या, लोकांना मोकळी हवा हवी होती, असं सांगतात. हे अर्धसत्य आहे. सरकारने घरकर्जाला हमी दिली, पण काळ्यांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगवून त्यांना मात्र वगळलं. १९४७ साली न्यूयॉर्कजवळ वसू लागलेल्या लेविटटाउनच्या सुरुवातीच्या भाडेकरारात गोऱ्यांखेरीज कोणी तिथे राहू नये, अशी अटच होती. गोरे उपनगरात गेले, त्यांच्यामागे दुकानं गेली, कराचा पैसा गेला. कारखानेही हलले. १९५० साली साडेअठरा लाख वस्तीचं डेट्रॉइट २०१० पर्यंत सव्वासात लाखांच्या आत आलं.

आपल्याकडे अशी रेघ नव्याने मारावी लागली नाही. गावकूस होतंच. फरक एवढाच, की तिथे बाहेर जाणं हा मान होता, इथे बाहेर असणं ही शिक्षा होती. म्हणून १९४२ च्या नागपूर परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. ती काही अशक्य नव्हती. पलूसशेजारीच १९१० साली औंध संस्थानच्या मदतीने मिळालेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखान्यासोबत किर्लोस्करवाडी वसवली. जमीन आणि भांडवल मिळालं, तर ओसाड माळावरही नेटकं गाव उभं राहतं.

आमच्या वाट्याला जमीन आली ती वतनाची, आणि तिच्यासोबत गावाची वेठ. ही वेठ मोडायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं. वतनं संपवणारा कायदा १९५८ साली झाला. जमीन परत मिळाली ती पैसे भरून आणि शर्तीवर: सरकारच्या परवानगीशिवाय विकायची नाही. ही शर्त आपल्या रक्षणासाठी आहे. पण गाव पसरत माळापर्यंत आलं, जमिनीला भाव आला, की साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र घेऊन माणसं दारात येतात.

बांधवांनो, काल ज्या जागेवर आपल्याला ढकललं, तीच आज मोलाची झाली आहे. सही करण्याआधी सातबारा काढा, जुने फेरफार वाचून घ्या. गावकुसाबाहेर आपल्याला ठेवलं त्यांनी. आता तिथूनही आपल्याला उठवू द्यायचं का?

जय भीम!