कुलपाची साक्ष: कामाच्या जागेतील किल्ल्यांचा इतिहास

कार्यालये, कारखाने आणि बँका यांत आज रूढ झालेले इलेक्ट्रॉनिक प्रवेशनियंत्रण, म्हणजे कोणी, कोणत्या दारातून, कोणत्या वेळी आत जावे हे ठरवून त्याची नोंद ठेवणारी यंत्रणा, ही संगणकयुगाची निर्मिती मानली जाते. तथापि तिची मूलतत्त्वे एकोणिसाव्या शतकातील पोलादी-पितळी कुलपांत आणि सरकारी खजिन्याच्या शिस्तीत आधीच आकाराला आली होती.

इंग्लंडमधील पोर्टस्मथच्या गोदीत १८१७ मध्ये बनावट किल्ल्या वापरून चोरी झाली, तेव्हा स्वतःच्या किल्लीखेरीज कशानेही न उघडणारे कुलूप घडवणाऱ्यास ब्रिटिश सरकारने बक्षीस जाहीर केले आणि त्यातून जेरेमाया चब यांचे १८१८ चे ‘डिटेक्टर’ कुलूप पुढे आले. कुलपातील तरफांपैकी एखादी तरफ परक्या किल्लीने वाजवीपेक्षा अधिक उचलली गेली की ती एका स्प्रिंगमध्ये अडकून पडे, त्यानंतर मालकाची खरी किल्लीही कुलूप उघडू शकत नसे, आणि या अडकण्यावरूनच आपल्या माघारी कोणी हात लावला होता हे त्याला कळे. कुलूप केवळ अडवणारे न राहता साक्ष देणारे झाले, ते येथे. पुढे अमेरिकेत जेम्स सार्जंट यांनी १८७३ मध्ये तिजोरीसाठी घड्याळी कुलूप सिद्ध केले. ठरलेली वेळ येईपर्यंत ते कोणासही दाद देत नसे, त्यामुळे अधिकाऱ्याला धाकदपटशा दाखवून रात्री तिजोरी उघडवून घेणे निरर्थक ठरले.

भारतातील कोषागारांत हाच प्रश्न यंत्रापेक्षा नियमाने सोडवला गेला. रोकड आणि मुद्रांक ठेवण्याच्या पेट्यांना दुहेरी कुलूप लावायचे, एक किल्ली कोषागार अधिकाऱ्याकडे आणि दुसरी खजिनदाराकडे ठेवायची, आणि दोघे हजर असल्याशिवाय पेटी उघडायची नाही, हा दंडक ब्रिटिश अमदानीपासून चालत आला. मुंबईत लालबाग येथे १८९७ मध्ये अर्देशिर गोदरेज यांनी कुलपांचा कारखाना काढल्यावर भरवशाचे कुलूप येथेच तयार होऊ लागले. परंतु कुलूप कितीही भक्कम असले तरी किल्ली हरवल्यास किंवा तिची नक्कल झाल्यास ते बदलण्यावाचून गत्यंतर नसे.

ही अडचण १९७० च्या दशकात दूर झाली. नॉर्वेचे टोर सोर्नेस यांनी हॉटेलांसाठी बनवलेल्या प्लास्टिकच्या कार्डावर ३२ जागी छिद्र असणे किंवा नसणे यांतून चारशे कोटींहून अधिक जुळण्या शक्य होत, आणि त्यामुळे कुलूप तेच ठेवून प्रत्येक पाहुण्यासाठी नवी किल्ली देता येई. अमेरिकेतील चार्ल्स वॉल्टन यांना १९७३ मध्ये मिळालेल्या पेटंटातील कार्डाला तर बॅटरीही लागत नव्हती: दाराजवळील वाचकयंत्राच्या रेडिओलहरींवरच कार्ड जागे होते, आपली ओळख कळवते, आणि ती मान्य असल्यास दार उघडते. संगणकाची जोड मिळाल्यावर नोकरी सोडलेल्या माणसाचा प्रवेश यादीतील एका बदलाने बंद करता येऊ लागला. धातूच्या किल्ल्या जेथे अपरिहार्य राहिल्या, तेथे प्रत्येक किल्ली सांकेतिक क्रमांक किंवा बोटाचा ठसा दिल्यावरच सोडणारी आणि ती कोणी, केव्हा नेली व परत केली हे स्वतःच टिपणारी कपाटे आली. पहारेकऱ्याच्या टेबलावरील किल्ल्यांच्या नोंदवहीचेच ते उत्तररूप होय.

मात्र गुप्ततेवर विसंबण्याची जुनी चूकही नव्या रूपात परतली. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या काळात अमेरिकी कारागीर आल्फ्रेड हॉब्स यांनी चब यांचे कुलूप आणि वर्षानुवर्षे अजिंक्य राहिलेले ब्रामा कुलूप ही दोन्ही उघडून दाखवली होती. २००८ मध्ये नेदरलँड्समधील नाइमेखन येथील संशोधकांनी जगभर वापरात असलेल्या ‘मायफेअर क्लासिक’ कार्डाची गुप्त ठेवलेली सांकेतिक रीत उकलली. शिवाय कार्डाची नोंद फक्त कार्ड कोणाच्या नावावर आहे हे सांगते, ते कोणाच्या हातात होते हे नव्हे. म्हणून अशा व्यवस्थेची खरी कसोटी यंत्राच्या किमतीत नसून अधिकार कोणी दिला, नोंद कोण तपासतो आणि त्या नोंदीचा कर्मचाऱ्यांविरुद्ध गैरवापर होणार नाही याची हमी कोण देतो यांत आहे. दुहेरी कुलपाच्या दंडकाने जबाबदारी नेहमी नावानिशी माणसांवर ठेवली होती, आणि इलेक्ट्रॉनिक किल्लीलाही त्या दंडकातून सूट देता येणार नाही.