आवाजाचे टपाल

सीबीडी बेलापूरच्या आमच्या घरी, पोटमाळ्यावरच्या बिस्किटांच्या डब्यात अकरा कॅसेटी आहेत. कोकण भवनातल्या नोकरीमुळे कुटुंब गावाहून इथे आले, त्यांच्याबरोबर त्याही आल्या. एकीवर लिहिले आहे ‘धाकटीची मेहंदी’. कोण गाते आहे ते कुठेच लिहिलेले नाही.

१९७३ साली तेलाच्या किमती भडकल्या आणि आखातात माणसे हवी झाली. श्रीवर्धन, म्हसळा, खेड, दापोलीकडचे आमचे कोकणी मुसलमान कुवेत, दुबई, बहरीनला गेले. काही विमानाने, काही ‘द्वारका’ बोटीने. ही बोट १९८२ पर्यंत मुंबईहून आखातात जात असे. सुट्टीवर येणाऱ्याच्या सामानात हमखास टू-इन-वन असे. फिलिप्सने कॅसेट १९६३ मध्येच काढली होती, पण आमच्या घरांत ती आली आखाताच्या वाटेने.

आधी तिच्यावर पत्रे बोलली गेली. लिहिता न येणाऱ्या आयांना पत्रासाठी कोणाची मिनतवारी करावी लागेना. सलाम, खुशाली, पैशांचा हिशेब, पोरांचे रडणे, आणि उरलेल्या जागेत गाणी. मेहंदी-हळदीला बायका आपल्या बोलीत जी गाणी म्हणत, ती एरवी माजघराबाहेर जात नसत. ती टेपवर भरली गेली आणि परतणाऱ्याच्या बॅगेतून परदेशी कामगारांच्या खोल्यांत पोचली. तिथे दोन डेकच्या टेपवर तिची नक्कल, नकलेची नक्कल. दर नकलेला खरखर वाढे, तरी शेजारच्या गावचा माणूस मागून नेई. परक्या पुरुषाने ज्यांचा आवाज ऐकू नये असे घरात बजावले जाई, त्या आवाजांभोवती खोलीभर परके पुरुष बसत. त्या बायकांना कोणी विचारले नव्हते. आम्हाला वाटते, कळले असते तर काहींना ते आवडलेही असते.

१९८० च्या दशकातच अमेरिका-युरोपातले हौशी कलावंत घरी भरलेल्या कॅसेटी टपालाने एकमेकांना पाठवीत होते. त्यांनी पत्ते छापले, त्या देवघेवीवर १९९२ मध्ये ‘कॅसेट मिथॉस’ हे पुस्तकही निघाले. देवघेव आमचीही तीच, समुद्रापलीकडची. पण तिला नाव कोणी दिले नाही.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या. दीड लाखाहून जास्त भारतीय विमानांनी परत आणले गेले, पुष्कळसे नेसत्या कपड्यांनिशी. कॅसेटी कोण आणणार? पुढे गल्लोगल्ली आयएसडीचे बूथ झाले आणि बोलती पत्रेही थांबली.

बेलापूरची खाडीकाठची हवा दमट. चार कॅसेटींच्या फितीला बुरशी धरली आहे. एकीच्या मागच्या खुंट्या कोणी मोडल्या नव्हत्या, म्हणून मुलांनी तिच्यावर सिनेमाची गाणी भरली. शेवटी तेवढी ढोलकी ऐकू येते.

बाकीच्या मोबाइलवर उतरवणे काही अवघड नाही. त्या नातेवाइकांत वाटायच्या का, यावर मात्र घरात दोन मते आहेत. गाणाऱ्यांपैकी एक खाला श्रीवर्धनला हयात आहेत. त्यांना विचारायला या मे महिन्यात जायचे आहे. टेपही बरोबर नेणार आहोत.