बर्लिनमधल्या कवट्या आणि इरावती कर्वे

१९२७ साली बर्लिनच्या डालेम भागात कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था सुरू झाली. संचालक होते ऑयगेन फिशर. १९०८ साली त्यांनी आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत, रेहोबोथ इथे, मिश्र वंशाच्या लोकांची मोजमापं घेतली होती. वंशसंकरामुळे माणूस हीन होतो, हे त्यांचं मत पक्कं होतं.

याच फिशरांकडे, पुढे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून ओळखल्या गेलेल्या इरावती कर्वे पीएच.डी.साठी आल्या. गोऱ्या युरोपीयांची बुद्धी श्रेष्ठ, म्हणून त्यांच्या कवटीची उजवी-डावी बाजू इतरांपेक्षा अधिक असमान असणार, अशी फिशरांची अटकळ होती. ती तपासायचं काम इरावतीबाईंकडे आलं. संस्थेच्या संग्रहात वसाहतींतून आणलेल्या कवट्याही होत्या. त्या माणसांची संमती कोणी विचारली असेल, असं मानणं भाबडेपणाचं ठरेल.

बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असमानता सापडली, पण ती सगळ्याच माणसांत होती; वंशाशी तिचा संबंध जुळेना. विशीतल्या परदेशी विद्यार्थिनीने मार्गदर्शकाला नको असलेला निष्कर्ष प्रबंधात मांडला, हे धैर्य साधं नव्हे. १९३० साली त्या भारतात परतल्या, पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. मोजपट्टी मात्र त्यांनी सोडली नाही. महाराष्ट्रातल्या जातीजमातींची शारीरिक मोजमापं त्या घेतच राहिल्या.

फिशर १९३३ साली बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांची संस्था नाझींच्या सक्तीच्या नसबंदीसाठी वंशतपासणीचे दाखले पुरवू लागली.