वयाने नव्हे, मनाने : ‘श्यामची आई’ आणि वयात येण्याची कल्पना

मराठीत ‘वयात येणे’ हा शब्दप्रयोग शरीराविषयी आहे. ‘मोठे होणे’ मात्र शरीर, मन आणि प्रतिष्ठा या तिन्हींविषयी. आपल्या बालवाचनाने यांतील पहिला गाळून दुसरा तेवढा शिकवला. हे कसे घडले, ते पाहण्यासाठी ‘श्यामची आई’कडे वळणे क्रमप्राप्त आहे.

साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. ते प्रसिद्ध झाले १९३५ साली. त्यातील श्रोते मुले नाहीत, हे सहसा विसरले जाते. प्रौढ श्याम आश्रमातील सोबत्यांना रात्रीमागून रात्री आपल्या आठवणी सांगतो. साने गुरुजींच्या आईचा मृत्यू १९१७ चा. तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. म्हणजे पौगंडावस्था या आत्मपर कथनाच्या काळाबाहेर नाही. तरीही श्याम अखेरपर्यंत आईचे लेकरूच राहतो.

शरीर येथे अनुपस्थित नाही. ते सतत रूपकात परिवर्तित होते. न्हाऊन झालेल्या श्यामच्या ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई पदर पसरते आणि मनालाही तसेच जपायला सांगते. तळव्याची घाण पाहता पाहता मनाची होते. धाकट्या भावासाठी पैसे साठवून कोट शिवून आणणाऱ्या श्यामला तर शीर्षकातच वयाने नव्हे, मनाने मोठा ठरवले आहे. स्त्रीची कामे शिकणारा, ‘अर्धनारी’ होऊ पाहणारा मुलगा हे या पुस्तकाचे खरे धाडस. पण वयात येण्याआधीच्या निरागसतेमुळेच ते निर्वेध राहते, असे मला वाटते.

या मौनाचा दोष लेखकाकडे देणे अन्यायाचे ठरेल. प्रौढाचे स्मरण मुलांच्या हाती संस्कारग्रंथ म्हणून देण्याचे काम शाळा आणि घर यांनी केले. अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाने त्यावर कळस चढवला. शरीराविषयी स्पष्ट बोलणारे गद्य मराठीत नव्हते असेही नाही. र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ पासून १९५३ पर्यंत निघत होते, अश्लीलतेचे खटले झेलत. ही दोन गद्ये एकाच भाषेत आणि बहुतांशी एकाच मध्यमवर्गात नांदली, पण मुलांच्या फळीवर त्यांची भेट झाली नाही.

मुलींच्या बाबतीत ही पोकळी अधिक खोल आहे. श्यामशी एकरूप होणाऱ्या वाचक मुलीला आईची माया मिळते, पण स्वतःच्या विटाळाचा अर्थ मिळत नाही. तो तिला घरातल्या ‘शिवू नकोस’मधूनच कळतो. विभावरी शिरूरकरांचे ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ चेच. त्याने उठवलेले वादळ प्रौढांचे होते. त्यातील अविवाहित, शिकलेल्या स्त्रियांची घुसमट जेथे सुरू होते, त्या वयापाशी आपले बालवाङ्मय आधीच थांबलेले होते.