गोष्ट एका निवृत्त प्रथिनाची

लसीकरणाचा पाठ शिकवताना वर्गातून एक प्रश्न हमखास येतो : ‘देवीला लस निघाली, पोलिओला निघाली, मग कॅन्सरला का नाही?’ प्रश्न साधा, पण उत्तर देताना आपली अडचण होते. लस शरीराला परक्याची ओळख करून देते. यकृताच्या काही कर्करोगांमागे हिपॅटायटिस-बी हा विषाणू असतो, म्हणून त्याची लस तिथे उपयोगी पडते. आनुवंशिक स्तनकर्करोगात मात्र परका कोणीच नसतो. बिघडते ती आपलीच पेशी. मग लसीने ओळखायचे कोणाला?

या रोगाचा इतिहास एका घरापासून सुरू होतो. १८६६ साली पॅरिसमधील शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांनी आपल्या पत्नीच्या घराण्याची वंशावळ प्रसिद्ध केली. त्या घरातील अनेक स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या स्तनाच्या कर्करोगाने दगावल्या होत्या. मेंडेलचा वाटाण्यांवरील निबंधही त्याच वर्षी छापला गेला. पण या दोन गोष्टींची सांगड बसायला सव्वाशे वर्षे लागली. १९९० मध्ये अमेरिकेतील मेरी-क्लेअर किंग यांनी २३ कुटुंबांच्या अभ्यासातून दाखवले, की या रोगाशी निगडित जनुक १७व्या गुणसूत्रावर आहे. १९९४ मध्ये ते जनुक, बीआरसीए-१, नेमके सापडले आणि पुढच्याच वर्षी बीआरसीए-२.

ही दोन्ही जनुके डीएनएची मोडतोड दुरुस्त करणारी प्रथिने घडवतात. त्यांची सदोष प्रत आईकडून येऊ शकते, तशीच वडिलांकडूनही. अशी प्रत असलेल्या स्त्रीला वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनकर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के असते. तिच्यापुढचे मार्ग कोणते? वारंवार तपासणी, काही औषधे, नाहीतर निरोगी स्तन आधीच काढून टाकणे. ऐन तारुण्यात हा निर्णय घेणे किती कठीण, हे वेगळे सांगायला नको.

आता दुसरा धागा पाहू. १८९१ मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर विल्यम कोली यांनी कर्करोगाच्या गाठीत जिवाणू टोचले. प्रतिकारशक्ती चेतवली तर गाठ विरते, असा त्यांचा कयास होता. काही रुग्णांना गुण आला, पण भरवसा नव्हता. किरणोपचार आल्यावर ही पद्धत मागे पडली. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट यांनी असा विचार मांडला, की प्रतिकारयंत्रणा शरीरात सतत गस्त घालून बिघडलेल्या पेशी टिपत असते. त्यावर पुष्कळ वाद झाला. अखेर २००१ मध्ये, लसिकापेशी नसलेल्या उंदरांना कर्करोग अधिक होतो, हे प्रयोगाने दिसून आले. म्हणजे गस्त खरोखरच असते.

पण गस्तवाल्याला खूण काय सांगायची? अमेरिकेतील क्लीव्हलंडचे व्हिन्सेंट टुओही यांनी एक खूण शोधली. आल्फा-लॅक्टाल्ब्युमिन हे दुधातील शर्करा बनवण्यास मदत करणारे प्रथिन. मूल अंगावर पिणे थांबले, की निरोगी स्तनात ते बनेनासे होते. जणू ते निवृत्त होते. मात्र स्तनाच्या एका आक्रमक प्रकारच्या कर्करोगात ते बरेचदा पुन्हा दिसू लागते, आणि बीआरसीए-१मधील दोषामुळे होणारे कर्करोग बहुधा याच प्रकारचे असतात. म्हणून मुले झाल्यानंतर या प्रथिनाविरुद्ध लस दिली, तर निरोगी पेशींना धक्का लागू नये, असा हा तर्क. २०१० मध्ये त्यांनी उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. कर्करोगाकडे जन्मतःच कल असलेल्या उंदरांपैकी लस दिलेल्या एकालाही गाठ झाली नाही. न दिलेल्या सर्वांना झाली.

२०२१ मध्ये माणसांवरील पहिली चाचणी सुरू झाली. आधी या कर्करोगातून बऱ्या झालेल्या स्त्रियांनी, नंतर स्तन काढून घेण्याचे ठरवलेल्या निरोगी पण जोखीम असलेल्या स्त्रियांनीही तीत भाग घेतला. टुओही २०२३ मध्ये वारले. चाचणीतील बहुतेक स्त्रियांच्या रक्तात अपेक्षित प्रतिसाद आढळला. पण प्रतिसाद मिळणे म्हणजे रोग टळणे नव्हे. ते सिद्ध करायला पुष्कळ स्त्रियांवर, कित्येक वर्षे लक्ष ठेवावे लागेल.

तेव्हा वर्गातला तो प्रश्न पुन्हा आला, तर ‘लस नाही’ एवढ्यावर आपण थांबू नये. लसीला खूण लागते, आणि आपल्याच पेशींमध्ये ती शोधणे किती अवघड असते, हे मुलांना सांगावे.